एकशे दहा मिनिटांचं औषध

दोन विमानतळांमधलं अंतर सहाशे बारा किलोमीटर, उड्डाणाचा वेळ एक तास दहा मिनिटं. कुठल्याही फोनवर विचारलं की एवढंच उत्तर मिळतं. मिनिटबाईंच्या वहीत मात्र तोच प्रवास तीन तास वीस मिनिटांचा होता. औषधाच्या कारखान्यापासून विमानतळापर्यंत पंचवीस मिनिटं. तिथे तपासणी, शिक्के, माल चढवणं, पंचेचाळीस. विमानाची सत्तर, त्यातली हवेतली जेमतेम पंचावन्न, बाकी नुसतं जमिनीवर सरपटणं. उतरल्यावर मालाच्या कचेरीतून डबा सुटायला पस्तीस. तिथून रुग्णालयाच्या मागच्या दारापर्यंत पुन्हा पंचवीस. सकाळी सहा वीसला भरलेली बाटली नऊ चाळीसला त्यांच्या ताब्यात यायची.

मिनिटबाई हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. त्या रुग्णालयाच्या स्कॅन विभागात चौदा वर्षं तंत्रज्ञ होत्या. किती वेळ लागेल असं कुणी विचारलं, तर बाकीचे “होईल आता” म्हणत; या “तेवीस मिनिटं” म्हणत, आणि तेवीसच लागत. वॉर्डातल्या आयांनी हे नाव पाडलं आणि ते चिकटलं. बाईंना ते ठाऊक होतं. त्यांची हरकत नव्हती.

मिनिटं मोजल्याशिवाय त्यांचं काम चालणारंही नव्हतं. कॅन्सर कुठे आणि किती पसरलाय ते दाखवणारं त्यांचं मशीन एका औषधाशिवाय आंधळं होतं. ते औषध दिसायला पाण्यासारखं. शिरेतून दिलं की तासाभरात अंगभर फिरतं, आजार असेल तिथे जास्त साठतं, आणि त्यातून निघणारी किरणं मशीनला दिसतात. घोडं अडायचं ते एकाच गोष्टीवर. दर एकशे दहा मिनिटांनी त्या औषधाचा जोर निम्मा व्हायचा. फ्रीजमध्ये ठेवा नाहीतर उन्हात, त्याला फरक पडत नसे. त्यामुळे ते साठवून ठेवता येत नसे. मंगळवारी आणि शुक्रवारी शिशाच्या जाड डबीतून, विमानाने, त्या त्या दिवसाच्या रुग्णांपुरतं यायचं.

त्या शुक्रवारी यादीत चार नावं होती. पहिले निवृत्त स्टेशनमास्तर, वजन अठ्ठ्याण्णव किलो. दोन वर्षांपूर्वी उपचार संपलेले, आता फक्त वार्षिक तपासणी. दुसऱ्या होत्या बसच्या एक कंडक्टरबाई, बासष्ट किलो. सोमवारी त्यांचं ऑपरेशन ठरलेलं आणि ते कुठवर करायचं हे या स्कॅनवर अवलंबून. चौथा एक वेल्डर, अठ्ठावन्न किलो, त्याचंही ऑपरेशन ठरत आलेलं, नऊ तास बसमधून येऊन बहिणीबरोबर बाकावर बसलेला. आणि तिसरी, पंचेचाळीस किलोची, खुद्द मिनिटबाईंची नणंद.

नणंद त्यांच्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान. लग्न होऊन बाई घरात आल्या तेव्हा ती शाळेत होती. तिची गणितं बाईंनीच घेतलेली. आता तिचं स्वतःचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. महिन्यापूर्वी गळ्याशी गाठ लागली. तुकडा काढून तपासला, तर वाईट निघाला. गाठ एकटी आहे की तिचं आणखी कुठे गोत आहे, हे बघायचं होतं. बाईंनी तिची तारीख इतरांसारखीच खिडकीवर रांगेत लावून घेतली होती.

चौघंही आदल्या संध्याकाळपासून उपाशी होते. या तपासणीआधी खायचं नसतं.

सात पस्तीसला मिनिटबाईंनी रोजच्यासारखा पलीकडच्या विमानतळावर फोन लावला. मालाच्या कचेरीतला कारकून ओळखीचा होता. एरवी तो “सुटलं” एवढंच म्हणे. त्या दिवशी म्हणाला की डबा विमानात आहे, दारं बंद आहेत, पण विमान जागचं हललेलं नाही. आधीच्या विमानाचं उतरताना चाक फुटलं आणि ते धावपट्टीच्या मधोमध बसलंय. माणसं सुखरूप आहेत. ते धूड ओढून नेईपर्यंत सगळं ठप्प. किती वेळ, असं बाईंनी विचारलं. तो म्हणाला, अर्धा तास, फार तर पाऊण. असं सांगणाऱ्या माणसाला प्रत्यक्षात काहीच ठाऊक नसतं हे बाईंना अनुभवानं माहीत होतं. त्या दर दहा मिनिटांनी फोन करत राहिल्या. डबा उतरवून दुसरीकडून आणायची सोय नव्हती. रस्त्यानं अकरा तास लागले असते, तोवर डबीत पाणीच उरलं असतं.

नऊ वीसला विमान सुटलं. बरोबर एकशे दहा मिनिटं उशिरा.

बाईंना कागद घ्यावा लागला नाही. डबा आता साडेअकराला येणार आणि त्यात निम्मा जोर असणार. चौघांच्या वजनाची बेरीज दोनशे त्रेसष्ट. किलोला एक वाटा धरला, तर हातात येणार एकशे एकतीस वाटे. मग कुणाला देणार? डोकं आपोआप पुढे धावलं, चार वजनं इकडची तिकडे करू लागलं, आणि उत्तर समोर आलं. उत्तरात त्यांच्या नणंदेचं नाव कायम होतं.

त्या उठून विभागप्रमुख डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेल्या. आधी विमानाचं सांगितलं. मग म्हणाल्या, “यादीतलं तिसरं नाव माझ्या नणंदेचं आहे. त्यामुळे आज कुणाला द्यायचं आणि कुणाला नाही, हा हिशेब मी करणार नाही.”

डॉक्टरीणबाईंनी चष्मा वर केला. “तुम्ही केला असणार आधीच.”

“केलाय. सांगणार नाही.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांना नणंदेचं आणि हिशेब न करण्याचं हे बोलणं नोंदवहीत वेळ घालून लिहायला लावलं. नऊ पस्तीस. मग विभागातल्या भौतिकीच्या सरांना बोलावलं. हे सर अबोल; किरणांचं मोजमाप आणि सुरक्षा त्यांच्याकडे. त्यांच्यापुढे नुसती चार वजनं आणि प्रत्येकापुढे तपासणीची निकड, एवढंच लिहिलेला कागद ठेवला. नावं नव्हती. अर्थात बाहेर चार माणसं बसलेली दिसत असताना सरांना कुणाचं वजन किती हे ओळखणं अवघड नव्हतं, पण त्यांनी तसं दाखवलं नाही.

सर म्हणाले, वाटा थोडा कमी करता येतो. पाऊण वाटा द्यायचा आणि मशीनवर वीसच्या ऐवजी सत्तावीस मिनिटं झोपवायचं, चित्र स्वच्छ येतं. त्याखाली गेलं तर चित्र धूसर येईल आणि नसलेलं दिसेल किंवा असलेलं दिसणार नाही. त्यावर ते सही करणार नव्हते. मग त्यांनी बेरजा मांडल्या. चौघांना पाऊण वाटा द्यायचा तर जवळजवळ दोनशे लागतात. एकाला वगळायचं ठरवलं, तर बासष्टवाल्यांना काढून भागत नाही, अठ्ठावन्नवाल्याला काढून भागत नाही, पंचेचाळीसवालीला काढून तर मुळीच नाही. अठ्ठ्याण्णव काढले तर उरलेले तिघं एकशे चोवीसमध्ये बसतात. अठ्ठ्याण्णव ठेवले, तर त्यांच्याबरोबर फक्त एकाला मिळेल.

“म्हणजे एकतर तीन माणसं, नाहीतर दोन,” सर म्हणाले.

“आणि निकडीनं पाहिलं तरी पहिलं नाव मागेच जातं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. त्यांनी मिनिटबाईंकडे पाहिलं. “तुमचं उत्तर हेच होतं?”

बाईंनी मान डोलावली.

पण त्यांना हायसं वाटलं नाही. उत्तर बरोबर होतं आणि सोयीचंही होतं, आणि दोन्ही एकदम असणं त्यांना टोचत होतं. पुढच्या शुक्रवारची जागा मास्तरांना द्यायची ठरली. मंगळवारची यादी आधीच काठोकाठ होती.

बाहेर प्रतीक्षेच्या खोलीत उशिराची बातमी आधीच पोचली होती. नणंदेनं बाईंना खुणेनं पाण्याच्या टाकीशी बोलावलं. तिनं आयांकडून अर्धंमुर्धं ऐकलं होतं आणि बाकीचं ताडलं होतं.

“वहिनी, माझं नाव काढ. उगाच तुझ्यावर बालंट नको.”

“तुझं काढून कुणाचं भलं होत नाही,” बाई म्हणाल्या. “पंचेचाळीस किलोत मास्तर मावत नाहीत.”

नणंदेला हसू आलं, पण ते लगेच विरलं. ती म्हणाली की लोक बेरीज बघणार नाहीत, नातं बघतील. बाई म्हणाल्या की बघू देत, ते खरंच आहे. आणि तिला परत बाकावर जाऊन बस म्हणाल्या.

मास्तरांना डॉक्टरीणबाईच सांगणार होत्या. बाई बरोबर थांबल्या, कारण मास्तर वेळेचं विचारणार याची त्यांना खात्री होती. मास्तर मुलाबरोबर आले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला पेन. सगळं शांतपणे ऐकून घेतलं, मग खिशातून फोन काढला.

“सहाशे बारा किलोमीटर,” ते म्हणाले. “एक तास दहा मिनिटं. विमान नऊ वीसला सुटलंय, म्हणजे साडेदहाला खाली. तुम्ही साडेअकरा म्हणताय. एक तास कुठे जातो?”

मिनिटबाईंनी सांगितलं. कचेरीत पस्तीस, रस्त्यावर पंचवीस. कचेरीतली पस्तीस मिनिटं कशी जातात तेही सांगितलं: डबा उतरवणं, किरणं बाहेर झिरपत नाहीत ना ते यंत्रानं पाहणं, दोन सह्या. मास्तरांनी छत्तीस वर्षं गाड्या सोडल्या होत्या. त्यांनी एकेक टप्पा मान डोलावून मान्य केला. मुलाचा चेहरा मात्र तापत चालला होता. तो म्हणाला की बाबांचं नाव पहिलं आहे, यादी म्हणजे यादी, आणि जाड असणं हा काही गुन्हा नाही. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की गुन्ह्याचा प्रश्नच नाही, पण तिघांची तपासणी होऊ शकत असताना दोघांचीच करणं त्यांना जमणार नाही.

“मी नाही म्हटलं तर?” मास्तरांनी विचारलं.

“तरी निर्णय हाच राहील.”

मास्तर मिनिटबाईंकडे वळले. “मघाशी टाकीशी ती मुलगी तुम्हाला वहिनी म्हणाली. ती तिघांतलीच ना?”

“हो. माझी धाकटी नणंद.”

मुलगा ताडकन उठला. मास्तरांनी त्याच्या मनगटाला धरून खाली बसवलं. बाईंनी नोंदवही आणून नऊ पस्तीसची नोंद त्यांच्यापुढे धरली आणि सांगितलं की हिशेब भौतिकीच्या सरांनी केला, पण ठरवताना त्या स्वतः त्याच खोलीत उभ्या होत्या. मास्तरांनी नोंद दोनदा वाचली. तपासणी का पुढे ढकलली हे सहीनिशी लिहून मागितलं. डॉक्टरीणबाईंनी जागेवर लिहून दिलं. कागद घडी घालून खिशात ठेवून ते उठले, आणि दारापाशी एका आयाला उपाहारगृह कुठे आहे ते विचारलं. सतरा तासांचा उपास होता बिचाऱ्यांना.

डबा अकरा बत्तीसला आला. मोजल्यावर एकशे तीस वाटे भरले. तिघांना एकापाठोपाठ सुई दिली. नणंदेच्या वेळी बाई बाजूला झाल्या; तिला दुसऱ्या तंत्रज्ञानं घेतलं. संध्याकाळी पाचपर्यंत तिन्ही स्कॅन झाले आणि तिन्हींची चित्रं नीट स्पष्ट आली.

कंडक्टरबाईंचं ऑपरेशन सोमवारी ठरल्याप्रमाणे झालं. वेल्डरचं ऑपरेशन मात्र रद्द करावं लागलं. आजार हाडांत पोचला होता, चिरफाड करून उपयोग नव्हता. त्याला दुसरी औषधं सुरू केली. त्याच्या बहिणीनं बाईंना विचारलं, हे आज कळलं ते बरं झालं की वाईट. बाई म्हणाल्या, “बरंच. नाहीतर सोसणं वाढलं असतं आणि हाती काही लागलं नसतं.” बहीण म्हणाली की तिलाही तसंच वाटतं, फक्त दुसऱ्या कुणाच्या तोंडून ऐकायचं होतं.

नणंदेची गाठ एकटी निघाली. ती काढली, आणि पुढचे चार महिने घरात तिच्या औषधाच्या वेळा बाईंनी स्वयंपाकघराच्या दारावर लिहून ठेवल्या. केस गेले तेव्हा ती म्हणाली, “दुकानात सरस लावताना मधेमधे येत होते, बरं झालं.” तिच्या भावाला, म्हणजे बाईंच्या नवऱ्याला, हा विनोद सहन झाला नाही. तो गॅलरीत जाऊन उभा राहिला.

तक्रार पाचव्या दिवशी आली. मास्तरांच्या मुलानं चार पानं लिहिली होती. त्यात एकही शब्द खोटा नव्हता: यादीतल्या पहिल्या रुग्णाला वगळलं, तिसऱ्या रुग्णाला तपासलं, तिसरी रुग्ण तंत्रज्ञाच्या घरातली. एवढीच वाक्यं लागोपाठ वाचली की कुणाच्याही मनात पाल चुकचुकावी. रुग्णालयानं तिघांची समिती नेमली. समितीनं नोंदवही पाहिली, सरांच्या बेरजा पाहिल्या, विमानतळाकडून वेळा मागवल्या. बाईंना विचारलं की नोंद केल्यावर त्या खोलीबाहेर का गेल्या नाहीत. बाई म्हणाल्या, “विमानाच्या वेळा माझ्याकडे होत्या म्हणून थांबले. वेळा लिहून देऊन बाहेर जाता आलं असतं. तेव्हा सुचलं नाही.”

समितीनं निर्णय योग्य ठरवला, आणि बाईंनी बाहेर जायला हवं होतं असा शेरा मारला. बाईंना तो शेरा लागला, पण अन्याय वाटला नाही. त्यानंतर यादीच्या डोक्यावरच दोन ओळी छापून आल्या: औषध कमी पडल्यास क्रम निकडीनुसार ठरेल, आणि कर्मचाऱ्याचा नातलग यादीत असल्यास तो कर्मचारी त्या दिवशी दुसऱ्या कामावर जाईल. चौघांपुरतं औषध मागवताना पाचांचं मागवावं, असंही ठरलं.

समितीचा निकाल येण्याच्या आधीच, म्हणजे पुढच्याच शुक्रवारी, मास्तरांचं स्कॅन झालं होतं. त्या दिवशी विमान वेळेवर आलं. बाईंनी दुसऱ्या तंत्रज्ञाला पुढे केलं, तर मास्तर म्हणाले, “का? तुम्हाला येत नाही का?” मग बाईंनीच केलं. चित्रं पडद्यावर येऊ लागली आणि उजव्या फुप्फुसाच्या खालच्या टोकाला वाटाण्याएवढा ठिपका उजळला. तंत्रज्ञानं रुग्णाला काही सांगायचं नसतं. त्यांनी सांगितलं नाही. मास्तरांना उठायला हात दिला, बूट सरळ करून ठेवले.

संध्याकाळी त्यांनी डॉक्टरीणबाईंना विचारलं, सात दिवसांनी काही बिघडलं का. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, नाही, असा ठिपका वाढायला महिने लागतात. दोन दिवसांनी त्यांनी पुन्हा विचारलं. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा तेच सांगितलं आणि वर म्हणाल्या की तिसऱ्यांदा विचारू नका, उत्तर बदलणार नाही. बाईंनी विचारलं नाही. पण ते उत्तर पूर्णपणे मनात उतरलंही नाही. घरी नणंद जेवायला बसली की कधीकधी त्यांना तो ठिपका आठवे, आणि मग त्या तिच्या ताटात काहीतरी जास्तीचं वाढत.

मास्तरांवर ठिपक्यापुरता किरणोपचार झाला. सहा महिन्यांनी ते पुन्हा तपासणीला आले, या वेळी एकटेच. मुलाला रजा नव्हती म्हणाले. सुई टोचून झाल्यावर तासभर शांत पडून राहायचं असतं. बाई पांघरूण द्यायला गेल्या तेव्हा ते म्हणाले, “ते पत्र मुलानं लिहिलं होतं.”

“माहीत आहे.”

“शुद्धलेखन मी तपासलं.”

बाईंनी पांघरूण पायांवरून सारखं केलं. “चूक नव्हती एकही,” त्या म्हणाल्या.

“पाठवू नको म्हणालो नाही मी. पाठवायलाच हवं होतं. तुमच्या जागी असतो, तर तुम्ही केलंत तेच केलं असतं. माझ्या जागी होतो, म्हणून पत्र पाठवलं.” त्यांनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. “ती मुलगी कशी आहे?”

बरी आहे, बाई म्हणाल्या. दुकान पुन्हा उघडलंय, अर्धा दिवस बसते. मास्तर म्हणाले की त्यांच्याकडे एक जुना शब्दकोश आहे, पानं सुटलीत, अशी कामं ती घेते का. बाई म्हणाल्या, घेते, पण वेळ लावते. मास्तर म्हणाले की आता त्यांना कुठली गाडी सोडायची नाहीये. मग बाईंनी दिवा मंद केला, कारण बोलत राहिलं तर गळ्याच्या स्नायूंत औषध साठतं आणि चित्र बिघडतं.

दुपारी डॉक्टरीणबाईंनी मास्तरांना आत बोलावलं. ठिपका होता तिथेच होता. वाढलेला नव्हता, आणि मावळू लागला होता की नाही हे इतक्यात सांगता येत नव्हतं. तीन महिन्यांनी पुन्हा बघू, असं ठरलं. मास्तर बाहेर खिडकीवर आले, तारीख विचारली, खिशाचं पेन काढून छोट्या डायरीत लिहिली, आणि त्याखाली पुस्तकबांधणीच्या दुकानाचा पत्ताही लिहून घेतला.